पाठवणीचा चौक

छप्.

मग काही नाही. मग पुन्हा छप्, आणि त्यामागून ओलं फडकं भिंतीवरून फिरल्याची सळसळ.

कालिंदीचे डोळे उघडले. खिडकीच्या फटीत उजेड नुकता पांढुरका होत होता. लेकीचा, अलकाचा, एक पाय तिच्या पोटावर होता. नवरा, मुकुंद, घोरत नव्हता, म्हणजे तोही झोपेच्या काठावरच असणार. घर गप्प होतं. माघातल्या थंडीत बालाघाटातली कुत्रीसुद्धा उन्हं येईपर्यंत तोंड उघडत नाहीत.

आवाज ओळखीचा होता. कटंगीकडे, माहेरी, तो ऐकतच ती मोठी झाली होती. छुईची पांढरी माती आदल्या दिवशी भिजत घालायची, सकाळी तिच्यात फडकं बुचकळायचं, जरा निथळू द्यायचं आणि भिंत पोतारायची. घरोघरी हा आवाज आला की लेकरांना कळायचं, सण आला. पण आज कुठलाही सण नव्हता. आज इलाहाबादेहून राष्ट्रीय कलाशाळेचे साहेब येणार होते.

आणि आवाज ओसरीतून येत होता.

कालिंदी पायात काही न घालता धावली.

विमलाबाई, तिच्या सासूबाई, स्टुलावर उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढरे. बारा हात लांब भिंत डोळे दिपतील इतकी शुभ्र झाली होती. फक्त उजव्या कोपऱ्यात, खाली, एका बैलाचं शिंग आणि अर्धा डोळा उरला होता. कालिंदी बघत असतानाच सासूबाईंनी फडकं फिरवलं आणि बैलही गेला.

"उठलीस? बरं झालं," विमलाबाई खाली न बघताच म्हणाल्या. "थोडीशीच राह्यली. पाहुणा येईपर्यंत वाळून जाईन."

"मामीजी..." सासूबाईंना ती याच नावानं हाक मारायची. "मामीजी, हे काय केलं तुमी?"

"काय केलं म्हंजे? भित पोतारली."

कालिंदी उंबऱ्यावरच बसली. गेल्या वैशाखात नणंदेचं, पुष्पलताचं लग्न झालं, तेव्हा अकरा दिवस खपून तिनं ही भिंत काढली होती. गेरूनं, काजळीनं, हळदीच्या पिवळ्यानं. त्यात वरात होती. वरातीमागे सायकलींवरून येणारे भरवेलीच्या खाणीतले लोक होते. छोट्या लाइनची गाडी होती आणि तिच्या इंजिनाला बैलाचे डोळे होते. केस मोकळे सोडून निजलेली वैनगंगा होती. लग्नात भरवेलीच्या फोटोवाल्यानं सगळ्या घराचा एक फोटो काढला, तो या भिंतीपुढे. तोच फोटो सासऱ्यांनी, चिंतामणरावांनी, पत्रासोबत कलाशाळेला पाठवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. नवरीच्या मागे जी भिंत दिसते ती माणसांमुळे पुरती दिसत नाही, ती समक्ष बघायची आहे, शाळेतर्फे आर. दयाल अमुक तारखेला येतील, सकाळच्या गाडीनं.

तीच भिंत. समक्ष.

"काय झालं व?" मुकुंद डोळे चोळत आला. त्यानं भिंत बघितली, बायकोकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं, आणि त्याचा आवाज घरभर फुटला. "आई! तू जाणून केलं हे!"

"काय जाणून केलं रे?"

"तीन महिन्यांपासून तुझं एकच पालुपद. लेकुरवाळी बाई शाळेत जाते काय, लोक काय म्हणतीन, पोरगी कोण पाहीन. अन् आठ दिवसांपासून एकदम गप्प! मी म्हणलं, मानली बिचारी. तू तर छुई भिजवून बसलीस!"

दाराआडच्या पलंगावर मैनाआत्या उठून बसल्या. त्या चिंतामणरावांच्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झाल्यापासून याच घरात होत्या आणि घरातल्या कुठल्याच भांडणाला गैरहजर राहिल्या नव्हत्या. त्यांनी दाताला मिश्री लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "चला. देवानंच पाटी पुसली. झाली एकदाची शाळा."

"आत्या, तू चूप राह्य."

"मी चूपच आहो बाबू. बोलून तू राह्यला."

इतक्यात चिंतामणराव आले. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. म्युनिसिपालटीच्या शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून ते निवृत्त झाले होते, पण आजच्यासारखा चेहरा कुणी त्यांचा पाहिला नव्हता. ते भिंतीपुढे उभे राहिले. साबण गालावरच वाळायला लागला.

"विमल!" ते म्हणाले.

या माणसाला त्या शाळेचं वेड किती जुनं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रजांच्या काळात त्यांनी तिथं दोन वर्षं काढली होती. तेव्हा ती राष्ट्रीय-बिष्ट्रीय नव्हती. साहेबांना नकाशे काढायला स्वस्तातले हात हवे होते, म्हणून ती उघडलेली. वर्गात प्लास्टरची गोरी मुंडकी मांडलेली, आणि पोरांनी वर्षानुवर्षं त्यांची सरळ नाकं उतरवायची. एक दिवस चिंतामणरावांनी आणि अकरा पोरांनी नाकाऐवजी शाळेच्या दारातल्या पाणीवाल्या म्हाताऱ्याचं नाक काढलं. बाराही पोरं घरी. "एका नाकापायी माझं शिक्षण गेलं," हे ते दर गणपतीत सांगत. स्वातंत्र्यानंतर शाळा देशाच्या नावाची झाली, आणि तिथं एक नवा नियम आला. दरसाल प्रत्येक भागातून दोन जागा अशा माणसांसाठी, ज्यांचा हात शाळेत नाही तर घरच्या भिंतीवर, मागावर, चाकावर तयार झाला. मॅट्रिकची अट नाही. हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवशी ते चप्पल न घालता घरी आले होते.

चौथी पास कालिंदीला दुसरं कुठलंच दार नव्हतं. हे एक होतं, आणि ते आज सकाळी दोन-चार तासांपुरतं उघडणार होतं.

विमलाबाई स्टुलावरून उतरल्या. सगळ्यांची तोंडं बघता बघता त्यांचा स्वतःचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे," त्या हळूच म्हणाल्या, "साहेब हेच पाहाले येऊन राह्यला? हे जुनंच?"

"मग काय पाहाले?" मुकुंद ओरडला.

"मले कोण सांगतलं? तुमी बाप-लेक चिठ्ठी वाचता, टाळ्या देता, पुन्हा वाचता. मले म्हणलं, साहेब येणार, परीक्षा घेणार. परीक्षेले पोरं कोरी पाटी नेतात का लिव्हलेली?" त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "अन् पुष्पीच्या लग्नाचं चित्र. लग्न झालं, पोरगी नांदाले गेली, आता ते चित्र उष्टं झालं. उष्टं ताट पाहुण्यापुढे ठेवते का कोणी? हिच्या माहेरीही असंच असते. विचारा हिले!"

कालिंदीनं मान वर केली. खरंच होतं. तिच्या माहेरीही सण सरला की कुणी पाहुण्याला चित्र दाखवत नसे. फोटो, पत्र, इलाहाबाद या सगळ्यात तीच ते विसरली होती.

"मामीजी, तुमी कधीपासून जाग्या आहा?"

"भल्या पहाटपासून." विमलाबाईंनी नाक पुसलं; नाकाला छुई लागली. "म्हणलं, पोरीची परीक्षा हाय. भित गुळगुळीत पाहिजे. तीन हात देले मी. पयला हात तर चाळणीतून गाळून देला."

गेले आठ दिवस ही बाई गप्प होती ती रागानं नाही, हे सगळ्यांना एकदमच कळलं. ती सुनेच्या बाजूला आली होती. फक्त येताना बादली घेऊन आली होती.

कालिंदीला हसू आलं. रडूही आलं, पण हसू आधी आलं.

"पुसून काढते!" विमलाबाई एकाएकी भिंतीकडे वळल्या. "ओलीच हाय अजून. पुसली का खालून निघन!" आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी पाचही बोटं फाकवून भिंतीवर घातली आणि वरून खाली ओढली.

चित्र निघालं नाही. पण बोटं गेली तिथं पांढऱ्या छुईतून पाच लाल रेघा वर आल्या. गेरूच्या. एखाद्यानं कोरून काढाव्यात तशा स्वच्छ, कडेला छुईची बारीक किनार साचलेल्या. मधल्या दोन रेघा अर्ध्यातच पिवळ्या झाल्या होत्या, कारण खाली तिथं वरातीतली पालखी होती.

कालिंदी उठून उभी राहिली.

"मामीजी, थांबा. हात लावू नका." ती भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली. आपलं एक बोट तिनं ओल्या पांढऱ्यात टेकवलं आणि वळवलं. लाल. पुढे काळं. पुन्हा लाल. बोट कुठं जाणार ते तिच्या हातात होतं, पण रंग कोणता निघणार ते गेल्या वैशाखानं ठरवून ठेवलं होतं. "मामीजी, बादलीत छुई किती राह्यली?"

"अर्धी हाय. काहून?"

"भित वाळू देऊ नका."

मुकुंद गाडीच्या वेळेला स्टेशनवर गेला. शेजारच्या टिकाराम बाबूंकडून हातवाली खुर्ची साहेबांसाठी मागून आणली होती, तिच्यावर अलका बसली आणि उठायला तयार होईना. चिंतामणरावांनी दुसरा गालही केला, पण घाईत कापून घेतला, आणि हनुवटीला कापूस लावून इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करत येरझारा घालू लागले.

सायकलरिक्षा दाराशी थांबली. मुकुंद उतरला, आणि त्याच्यामागून जाड खादीची साडी नेसलेली, केस मानेवर कापलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ घातलेली एक पन्नाशीची बाई उतरली.

"साहेब कोठी आहेत?" विमलाबाईंनी कुजबुजून विचारलं.

"ह्याच," मुकुंद तोंड न हलवता म्हणाला.

"माय व माय!" मैनाआत्या पलंगावरून म्हणाल्या. "बाईच साहेब?"

दयाल बाई आत आल्या, नमस्कार केला, आणि भिंतीकडे वळल्या. बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत राहिल्या. चिंतामणरावांनी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं सोडून हनुवटीचा कापूस चाचपला.

"तो मैं इतनी दूर सफ़ेद दीवार देखने आई हूँ?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं.

"गुन्हा माहा हाय," विमलाबाई पुढे झाल्या. त्यांना हिंदी पुरतं कळत होतं, बोलणं मात्र मराठीतच व्हायचं. "सुनेचा काई दोष नाई. जुनं चित्र उष्टं असते, म्हून म्याच पोतारली."

चिंतामणरावांनी ते हिंदीत सांगितलं; पुढचंही सगळं तेच सांगत गेले. दयाल बाईंच्या भुवया वर गेल्या. "जूठा चित्र!" त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. मग एकदम हसल्या. "मास्टरजी, हमारे यहाँ प्लास्टर के सिर आज भी रखे हैं, अस्सी साल पुराने। उनसे जूठा क्या होगा!"

चिंतामणराव इतके खुलले, की हनुवटीचा कापूस गळून पडला. "ते आहेत अजून? खिडकीजवळचा तो नकटा? त्याचं नाक आमच्यातल्याच एकानं तोडलं होतं!"

पण दयाल बाईंचं लक्ष आता त्या पाच रेघांवर होतं. त्या खाली वाकल्या, मग मांडी घालून जमिनीवरच बसल्या. खुर्चीतल्या अलकानं मोठा श्वास सोडला. "ये किसकी उँगलियाँ हैं?"

"मामीजींची," कालिंदी म्हणाली.

"और तुम? तुम बनाओगी? मेरी गाड़ी दोपहर की है।"

"कशाचं काढू?"

"जो मन करे।"

कालिंदीचे हात जागच्या जागी थांबले. जो मन करे. हे तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. भिंत नागपंचमीची असते, लग्नाची असते, बाळंतिणीची असते. कुणाला भूक नसताना स्वयंपाक कर म्हटल्यासारखं वाटलं तिला. तिनं भिंतीकडे बघितलं. पांढरं. तिनं एक बोट उचललं आणि परत खाली घेतलं. मुकुंद नजरेनं म्हणत होता, काहीही काढ, मोर काढ. चिंतामणराव नजरेनं म्हणत होते, वैनगंगा काढ. वरच्या अंगाला भिंत वाळायला लागली होती.

"पाठवणीचा काढ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मैनाआत्या पलंगावरून उतरून उभ्या होत्या.

"काय म्हणलं, बाईजी?" विमलाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पाठवणीचा चौक काढ म्हणलं. पोरगी घरातून जाते तवा काढतात तो."

"पण तो लेकीचा असते," विमलाबाई म्हणाल्या. "सुनेचा कुठं काढतात? सून कुठं जात नाई."

"हे जाऊन राह्यली ना?" मैनाआत्यांनी मिश्रीचं बोट पदराला पुसलं. "तीन महिने मी म्हणलं, नको जाऊ द्या. कोणी विचारलं काहून म्हणते? कोणी नाई. सगळ्याईले वाटलं, म्हातारीले कुजकं बोलाची सवय हाय." त्यांनी भावाकडे बघितलं. "दादा, मले नागपूरहून चिठ्ठी आलती, आठवते? नर्सबाईच्या शिक्षणाची. तवा तू पंचवीस वर्षांचा होता, अन् एका नाकापायी तुही शाळा गेली म्हून गावभर सांगत होता. माही चिठ्ठी मात्र तुनं चुलीत घातली."

चिंतामणराव खाली बघू लागले. मुकुंदनं हे कधी ऐकलं नव्हतं. तो वडिलांकडे बघत राहिला.

"मैने, मी तवा..."

"र्‍हाऊ दे. आज नाई बोलाचं ते. हिच्या वाट्याले आलं ते पाहून मले जळजळ झाली, बस्स. आता झाली तेवढी पुरे." त्या कालिंदीकडे वळल्या, आणि आवाज नेहमीसारखा खरखरीत झाला. "काढ व बाई. भित वाळून राह्यली. पयली बोटं मायची लागतात या चौकाले. ते तर सासूनं सकाळीच घातली."

मग जे सुरू झालं त्याला कालिंदी एकटी कारण नव्हती. विमलाबाई पुढे फडकं फिरवत, मागून कालिंदीची बोटं चालत. "वर लावा, मामीजी. आता इकडे, पातळ." "पातळच देते, तू काढ!" नांदायला जाणारीच्या चौकात आधी घर येतं, मग वाट, मग नदी, मग पल्याड जी माणसं भेटणार ती, म्हणजे वाटेला तिची ओळख पटते. कालिंदीनं घर अंगठ्यानं काढलं. वाट लाकडी फणीनं ओढली, एका फटक्यात बारा दात, बारा रेघा, आणि वाट गेल्या वैशाखातल्या वरातीवरून गेली, तशी तिच्यात लाल, काळे, पिवळे ठिपके उठत गेले, जणू वरातीतली माणसं त्या वाटेनं चालायला लागली. नदीला तिनं उलथनं घेतलं. कुणी दिलं ते तिनं बघितलं नाही. मागाहून कळलं, मैनाआत्यांनी.

दारात गर्दी झाली. टिकाराम बाबूंची बायको आली, तिच्यामागून तिच्या जावा. "क्या हो रहा है?" "परीक्षा!" "किसकी?" "बहू की!" पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होती. कालिंदीला घाम फुटला होता, कपाळावर, भुवयांवर छुई होती, आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती, हसत होती. अलकाला वाटलं, आई कोण्या दुसऱ्याच बाईशी बोलून राह्यली.

दयाल बाई उठल्या नाहीत. त्यांनी वहीसुद्धा काढली नाही. फक्त एकदा, कालिंदी नदीच्या पल्याड पोचली आणि थबकली, तेव्हा त्यांनी विचारलं, "रुकी क्यों?"

"पल्याड कोण भेटते ते माहीत नाई," कालिंदी म्हणाली. "सासरचे असले का सासू काढतात, दीर काढतात. तिथं कोण असते?"

दयाल बाईंनी जरा विचार केला. मग त्या सांगू लागल्या, हळूहळू, हिंदीत. तिथं एक कच्छची पोर होती, तिच्या गावात भिंतीवर आरसे चिकटवतात. मणिपूरची एक होती, तिला माती चाकाशिवाय उभी करता येत होती. स्वतःच मडक्याभोवती फिरायची. एक ओडिशाचा म्हातारा होता, नातवंडं असलेला, पहिल्या वर्षात. "तुमने कभी किसी दूसरे की दीवार देखी है?"

"कटंगीची पाहिली. बिरसाकडची एक पाहिली, मावशीच्या गावची."

"बस, हमारा काम इतना ही है," दयाल बाई म्हणाल्या. "पहले वह स्कूल हाथ को नक़ल सिखाता था। अब हम सबको एक-दूसरे की दीवार दिखाते हैं। मैं तुमको क्या सिखाऊँगी, सच कहूँ तो मालूम नहीं।"

"मग मी येऊ काहून?" कालिंदीच्या तोंडून निघून गेलं. मुकुंदनं कपाळाला हात लावला.

दयाल बाई मोठ्यानं हसल्या. "देखने! और दिखाने।"

कालिंदी भिंतीकडे वळली. आरसे चिकटवलेली भिंत. मडक्याभोवती फिरणारी पोर. तिला क्षणभर अलका पोटात पहिल्यांदा हलली ते आठवलं. नदीच्या पल्याड तिनं मग एकही माणूस काढला नाही, भिंती काढल्या. एकापुढे एक, वेगवेगळ्या उंचीच्या, आणि प्रत्येकीत आत जायला एक दार.

हात धुवायला तिनं पाण्याच्या बादलीत घातले तेव्हा दुपारचं ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. दयाल बाईंनी पर्समधून एक कागद काढला, त्यावर सही केली आणि तो चिंतामणरावांच्या हातात न देता कालिंदीच्या ओल्या हातात दिला. "जुलाई की पहली तारीख़। तीन साल। साल में दो बार छुट्टी। हॉस्टल अच्छा है, पर बच्चे नहीं रख सकते।"

"तीन साल?" मुकुंद म्हणाला.

सगळ्या घरात पहिल्या दिवसापासून जो तिच्या बाजूनं होता, त्याचा आवाज असा पडलेला कालिंदीनं पहिल्यांदाच ऐकला.

"मले वाटलं सहा महिन्यांचं असते असं काही," तो म्हणाला. "फार तर वर्षाचं."

"आता मागे सरतं काय?" विमलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सकाळी आईवर ओरडाले लय जोर होता!"

"मी मागे नाही सरत, आई. मी मोजून राह्यलो."

"मोज. मोजून झालं का सांग. पोट्टी माह्यापाशी राहीन. तुले मी लहानाचा मोठा केला, हिले नाई करणार?"

"अन् मी मेली काय?" मैनाआत्या म्हणाल्या. "वेणी मी घालन. विमलच्या हातची वेणी दुपारपर्यंतही टिकत नाई."

"घ्या! आता वेणीवरून!"

चिंतामणराव बहिणीजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मैने, तू पण पाह्यशील ती शाळा. सुटीत हिले आणाले तू माह्यासंगं चाल." मैनाआत्यांनी पदर सारखा केला, जणू गाडी आताच सुटणार होती.

मुकुंद कालिंदीजवळ आला. सगळ्यांसमोर हात धरण्याची रीत या घरात नव्हती. त्यानं तिच्या हातातला कागद घेतला, सुकला का बघितलं आणि आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "हरवशील," तो म्हणाला. मग अगदी हळू, "पोहचवाले मीच येईन. जबलपूरला गाडी बदलावी लागते."

दयाल बाईंना पोचवायला सगळी गल्ली रिक्षामागे निघाली. विमलाबाईंनी त्यांच्या ओटीत तांदूळ आणि खोबरं घातलं. ते कशात घ्यायचं हे न कळून त्यांनी खादीचा पदर पसरला, आणि बायका हसल्या. आरडाओरडा कोपऱ्यावरून वळला आणि ओसरी एकदम मोकळी झाली.

कालिंदी भिंतीपुढे एकटीच उभी राहिली. कुठं बसावं, काय करावं, काही सुचत नव्हतं. भिंतीच्या घराजवळ, खाली, एक वीतभर जागा कोरी राहिली होती. तिथं मागे राहणारी माणसं येतात. ती जागा भरायला तिनं बोट उचललं. छुई अजून ओली होती.

अलका खुर्चीवरून उतरली. सबंध दिवसात पहिल्यांदाच. ती येऊन आईच्या मांडीला टेकून उभी राहिली आणि भिंतीकडे बघू लागली.

"आई, तू जाशीन ना तिकडे?"

"हौ, बाळा."

"त्या आरशेवाल्या पोरीकडे?"

"हौ."

"तिथं गंज पोट्ट्या असतीन?"

"लय. देशभरातल्या."

"अन् त्यायच्या आया?"

"त्यायच्या आया त्यायच्या त्यायच्या घरी."

अलकानं यावर विचार केला. भिंतीतली सगळी दारं तिनं बोटानं एकेक मोजली, एका दारात डोळा लावून आत बघितलं, आणि मग मान वर करून विचारलं,

"मग तिथं तुले आई कोण म्हणन?"